वॉर्डनबाई आणि मागची वाट

आमच्या हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंच्या पोटात इडल्या कितीही राहत, पण गोष्ट म्हणून राहत नसे. मी सांगलीहून म्हैसूरला शिकवायला आले तेव्हा त्यांनी पहिल्याच भेटीत मला सांगून टाकलं, "मॅडम, तुमच्या खोलीची कडी सैल आहे, आधीच्या मॅडमचा लॅपटॉप गेला होता. ऑफिसवाले सांगायचे नाहीत, अल्वा?" हे 'अल्वा', म्हणजे कन्नडमधलं 'हो की नाही', त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला असे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात कापड रंगवणाऱ्यांचं, त्यामुळे माणसांची पारखही तशीच. प्राचार्यांबद्दल म्हणायच्या, "चांगलेत, पण पहिल्या धुण्यात रंग जातो." मेसमध्ये ताटावर डाव आपटून त्या चोरीची बातमी देत, आणि साप आहे का बघायला भर उन्हात छत्रीच्या टोकानं कुंपणाजवळची झुडपं ढोसत फिरत. तलकाडच्या सहलीत तर वाळूतली देवळं बाजूलाच राहिली. बाई कावेरीच्या काठावर उभ्या राहून "भोवरा आहे, भोवरा!" असं इतक्या जोरात ओरडल्या, की आमच्या मुली तर सोडाच, एक अनोळखी नवं जोडपंही घाबरून पाण्याबाहेर आलं.

एका संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत कॉफी पीत बसले होते. तेवढ्यात एक मुलगी धावत आत आली. ओढणी फाटलेली. लायब्ररीच्या मागच्या अंधाऱ्या वाटेवर बाहेरच्या कुणीतरी तिला धरलं होतं. हाताला चावून ती निसटली होती. बाईंनी तिला पाणी दिलं, जवळ घेतलं. मग म्हणाल्या, "काय करू बाळ? तू सांगशील तसं."

"तक्रार करायचीय," ती म्हणाली. "बाकीच्या मुलींनाही सांगा. पण माझं नाव नको."

त्याच संध्याकाळी बाई तिला घेऊन पोलिसांत गेल्या. सकाळी प्राचार्यांनी दोघींना, म्हणजे बाईंना आणि मला, बोलावलं. प्रवेशाचे दिवस होते. "चौकशी होईल, पण बाहेर बोलू नका. कॉलेजचं नाव जाईल," ते म्हणाले.

"नाव परत मिळवता येतं, सर," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यातल्या पालकसभेत प्राचार्य निकालांविषयी बोलत होते. बाई मागच्या रांगेतून उठल्या. "लायब्ररीच्या मागच्या वाटेवर एका मुलीला धरलं. तिथं दिवे नाहीत. माणूस अजून सापडलेला नाही. तुमच्या मुलींना त्या वाटेनं एकटं जाऊ देऊ नका."

मग पुढचे एक गृहस्थ वळून म्हणाले, "मुलगी कोण? कुठल्या वर्गातली?"

"वाटेचं विचारा, दिव्यांचं विचारा," बाई म्हणाल्या. "मुलीचं विचारू नका."

त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं. प्राचार्यांनीही नंतर विचारलं. ज्या बाईंच्या पोटात काही राहत नसे, त्यांनी ते नाव कुणालाच सांगितलं नाही.

सभेतल्याच एका आईनं उठून "दिवे कधी लावणार?" असं विचारलं, आणि दिवे आले. रखवालदार आला. धीर येऊन आणखी दोन मुली पुढे आल्या, त्यांच्याही मागे तोच माणूस लागला होता. त्यांनी सांगितलेल्या वर्णनावरून तो सापडला. बाईंच्या नोकरीची मुदत मात्र त्या वर्षी वाढवली नाही. आम्ही काही जणी विनवायला गेलो, तर प्राचार्य टेबलाकडे बघत "नियम आहे" एवढंच म्हणाले. बाई बेट्टदपुरला भाचीकडे राहायला गेल्या.

आता दर वर्षी प्राचार्य स्वतः नव्या मुलींना सांगतात, कॅम्पसवर काय काय घडलं, कुठं घडलं, कुणाकडे यायचं. आपल्या कॉलेजची ही पद्धतच आहे, असंही म्हणतात. परवा मी बाईंना फोन करून हे सांगितलं. मला वाटलं, चिडतील.

"सांगतात ना? मग झालं," त्या म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पोरी माझी आठवण काढतात, अल्वा?"

त्यांच्या वेळची शेवटची मुलगी गेल्याच वर्षी पास होऊन गेली होती.

"काढतात तर," मी म्हटलं.