टॅबलेटला "नाई" म्हणालेली गाठ

आज मेडशीहून धाकट्या जावेला वाशीमच्या खासगी दवाखान्यात नेलं. छातीत दुखतं, एवढंच ती सांगत होती.

तिथे म्हणे आता आधी टॅबलेटवरचा एआय तपासतो. भरल्या हॉलमध्ये टॅबलेटने मोठ्याने विचारलं, "स्तनात गाठ आहे का?" शेजारी आमचे सासरे. जावेने पदर ओढला. "नाई."

निदान निघालं ॲसिडिटी. डॉक्टरीणबाई मान वर न करता गोळ्या लिहू लागल्या. मी सासऱ्यांना बाहेर पाठवून दार लावलं.

तेव्हा जाव बोलली, "मॅडम, दिवाळीपासून छातीत गाठ लागून राह्यली हाताले."

"मग टॅबलेटला काहून नाही सांगितलं?"

"मामाजीसमोर सांगू काय?"

उद्या सोनोग्राफी आहे. ज्या हुशारीला दार लावायचं सुचत नाही, तिचं कौतुक मला ऐकवू नका. तुमच्या घरातली कोण अशीच "नाई" म्हणून परत आली आहे?