कोऱ्या फॉर्मांवरच्या सह्या

शब्बीरभाईंच्या सह्या मी कोऱ्या फॉर्मांवर घेतल्या. सगळेच घेतात, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. उपग्रहाच्या चित्रात जे हिरवं दिसतं ते जमिनीवर नेमकं काय आहे, हे जागेवर जाऊन पाहायचं, प्रत्येक ठिकाणाचा फॉर्म भरायचा आणि त्याखाली सोबतच्या गावकऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, असा आमच्या कामाचा नियम. धरणाखालच्या नदीकाठची बारा ठिकाणं ठरली होती. आम्ही चारच पाहिली. मे महिन्याचं ऊन मला सोसेना. उरलेले आठ फॉर्म मी अमरावतीच्या कार्यालयात कूलरसमोर बसून भरले.

शब्बीरभाई भातकुलीकडचे. नदीच्या वाळूत टरबूज-डांगराची वाडी लावायचे. वाटाड्या म्हणून मी त्यांना रोजानं घेतलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या रंगीत नकाशाकडे पाहिलंही नाही. चप्पल काढून वाळूत उतरले, कोपरापर्यंत हात खुपसला आणि मूठभर वाळू माझ्या तळहातावर ठेवली.

"वली लागते का?"

लागत नव्हती.

"मंग फोटोत काय पाहून राहिले?"

दुपारी भाकरी खाताना त्यांनी विचारलं, "फोटोवाले साहेब, वरून मी दिसतो काय?"

"नाही. इतकं बारीक दिसत नाही."

"बरं हाये. नाहीतं घरवाली पाहत बसली असती, मी काम करून राहिलो का झोपून राहिलो."

मग हसणं थांबवून त्यांनी काठाकडे बोट केलं. "पयले पूर ये, अन् नदी आपलं आंगन झाडून घे. धरनानं पूर अडवला, तं ही परदेशी वेडी बाभूळ घुसली. वरून समदं हिरवंच दिसते, साहेब. खाली काटा हाये."

वाडीवाल्यांचं मागणं एवढंच होतं, की पावसाळ्यात एकदा तरी धरणातून जोराचं पाणी सोडा, वाळू मोकळी होऊ द्या. ते सोडायचं की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. न पाहिलेल्या आठही ठिकाणी मी 'स्थानिक वृक्ष' लिहिलं. अहवाल म्हणाला, नदीकाठची वनराई वाढली आहे, पाणी सोडण्याची गरज नाही. पाणी सुटलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बाभळीनं वाळू गिळली आणि वाडी लागलीच नाही.

अहवालाची प्रत गावात गेली. प्रत्येक फॉर्मखाली शब्बीरभाईंची उर्दूतली सही होती. शेजारच्या वाडीचे महादेवभाऊ त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "वेड्या बाभयीले तू वनराई म्हनतं? काहून केलं असं?" शब्बीरभाई गप्प राहिले. त्यानंतर त्यांच्याजवळ कोणी बसेना. शेवटी ते पातूरला मुलीकडे राहायला गेले.

हे कळल्यावर मी पातूरला गेलो. ते खाटेवर खोकत पडले होते. "तुम्ही खरं का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"तुमी सांगसान म्हनून थांबलो होतो. सही तं माहीच हाये. न वाचता देल्ली. आता तुमच्या नावानं बोंबलू काय?"

मी माफीचं बोलू लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "मले नोका सांगू. मले मालूम हाये. वाडीवाल्याईले सांगा."

मी हो म्हणालो. पण नोकरीच्या भीतीनं पावसाळा घालवला, मग दिवाळीही. थंडीत शब्बीरभाई गेले. त्यांच्या मातीला वाडीवरचं कोणी गेलं नाही.

त्यानंतर मी वरिष्ठांना लेखी कळवलं आणि महादेवभाऊंच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. वाडीवाले जमले होते. "आठ ठिकाणी आम्ही गेलोच नव्हतो," मी म्हणालो. "शब्बीरभाईंनी मला खरं तेच सांगितलं होतं. ते मी लिहिलं नाही. त्यांनी कोऱ्या कागदावर सही केली, खोटं मी भरलं."

मग महादेवभाऊंनी खाली पाहतच विचारलं, "मंग थो बोल्ला काहून नाही?"

"माझी वाट पाहत होते," मी म्हणालो. "मी आलो नाही. तुम्ही त्यांना वाईट समजलात, ते माझ्यामुळे. मला माफ करा."