चोवीस जणींचा एक नंबर

माझ्या कपाटात गळ्यात अडकवायचं एक ओळखपत्र आहे. त्यावर माझा फोटो आणि खाली 'लोकसल्लागार समिती, सदस्य' असं छापलेलं. ते मी टाकून देत नाही. स्वतःचा राग यावा अशी काहीतरी सोय माणसाने घरात ठेवावी, असं मला अलीकडे वाटतं.

मालवणजवळच्या एका मच्छीमार वाडीतल्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. माझं घर वाडीत नाही, वर गावात आहे. चालत दहा मिनिटं. वाडीतल्या निम्म्या बायका माझ्या हाताखालून गेलेल्या. चौथीपर्यंत पाढे म्हणायच्या आणि मग आईच्या शेजारी मासळी बाजारात जाऊन बसायच्या. अजून त्या मला 'बाई' म्हणतात आणि मी त्यांना 'गो' म्हणते. ह्या नात्याचा मला भारी अभिमान होता.

मी निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मुंबईच्या एका संस्थेचे लोक आले. दिवसभर उन्हात आणि खाऱ्या पाण्यात राबणाऱ्या बायकांच्या किडन्यांचं काय होतं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. त्यांचे मोठे डॉक्टर माझ्या ओटीवर बसून म्हणाले, "मॅडम, आजवर अशा वस्त्यांवर नुसते प्रयोग झाले. आम्हाला लोकांना बरोबर घेऊन काम करायचंय." मला ते एकदम पटलं आणि मी त्यांच्या समितीत गेले. मास्तर-मास्तरणींना कोणी मान देऊन काही सांगितलं की ते पटकन पटतं, हा आमच्या जातीचा जुना रोग आहे.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात आणि बायका घरी सापडतात, तेव्हा शिबिर घ्या, हे मीच सुचवलं. आधी देवळात गाऱ्हाणं घाला, हेही मीच सांगितलं. मानकऱ्यांनी नारळ ठेवून देवाला साकडं घातलं, की ह्या लेकरांच्या कामाला यश दे. सगळी वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणाली. संस्थेतल्या मुलींनी त्याचा व्हिडिओ काढला. एकदा देवासमोर वाडीने होकार दिल्यावर कोण बाई नाही म्हणणार होती? नंतर प्रत्येकीला संमतीपत्र वाचून दाखवलं गेलं. 'तुम्ही कधीही नकार देऊ शकता' ह्या वाक्याला त्या हसल्या.

सुईला घाबरतात म्हणून पहिलं रक्त मी दिलं. मी काही मासे विकत नाही, पण संस्थेने माझंही नाव यादीत घातलं आणि मला क्रमांकाचं एक कार्ड दिलं. मग एकेक बाई पुढे आली. टेबलावरची मुलगी विचारायची, "फोन नंबर?" पहिलीने माझ्याकडे बघितलं. "माझो फोन घोवाकडे आसा. बाईंचोच नंबर घाला." दुसरी म्हणाली, "माझोय तोच. बाई आसत मा, मगे काय?" एकीजवळ स्वतःचा फोन होता, तरी तिने माझाच नंबर सांगितला, बाईंकडे आलेलं सुरक्षित राहतं म्हणे. चोवीस जणींनी माझा नंबर दिला. टेबलावरच्या मुलीने एकदा मान वर करून विचारलं, "चालेल ना, मॅडम?" मी म्हटलं, "चालेल की!" तेव्हा माझी छाती किती फुगली होती ते आता सांगायलाही लाज वाटते.

ज्यांचा अहवाल गंभीर असेल त्यांनाच फोनवर संदेश येईल, असं ठरलं होतं. संदेशात नाव नसेल, फक्त कार्डावरचा क्रमांक असेल. कोणाचा आजार दुसऱ्याला कळू नये म्हणून. समितीच्या बैठकीत ह्या गोपनीयतेवर तासभर चर्चा झाली आणि मी तिला जोरात पाठिंबा दिला.

संदेश आला गणपतीच्या चार दिवस आधी. घरात गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायची गडबड, मुलगा मुंबईहून आलेला. इंग्रजीतला संदेश: तुमच्या किडनीच्या तपासणीत गंभीर दोष दिसतो, ताबडतोब डॉक्टरांना भेटा. शेवटी तीन आकडे. माझं कार्ड देवघराखालच्या खणात होतं, काढून बघायला दोन मिनिटं लागली नसती. पण बँकेच्या संदेशाखाली असतात तसले आकडे, कोण बघतं? मी तसाच फोन मुलापुढे धरला. मुलाने गाडी काढून दुसऱ्याच दिवशी मला गोव्याला नेलं. सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, "काकी, तुमच्या किडन्या तरण्या मुलीसारख्या आहेत."

मी संस्थेत फोन करून त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "सणासुदीच्या दिवसांत माझ्या जिवाला घोर लावलात. तुमच्या यंत्रात काहीतरी चुकलंय." फोनवरच्या मुलीने दहादा माफी मागितली. यंत्रात काय चुकलं ते तिने बघितलं नाही. मीही विचारलं नाही.

गणपती गेल्यावर वाडीतली एक बाई नेहमीप्रमाणे मागच्या दाराशी मासे घेऊन आली. ही माझी अगदी आवडती विद्यार्थिनी. नवरा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, दोन मुली, आणि तोंडात कायम गाणं. मी तिला सगळी हकीकत रंगवून सांगितली. तिने छातीवर हात ठेवला. "देवान राखल्यान बाई तुमका! माका आधी कित्याक सांगूक नाय? मी देवीची ओटी भरलंय असतंय." मग पाटीतली सगळ्यात मोठी सुरमई काढून तिने माझ्यासमोर ठेवली. पायरीवर बसली होती, तिचे पाय सुजलेले दिसले. मी म्हटलं, "पाय सुजले काय गो?" ती म्हणाली, "दिसभर उभ्यान काढूचो लागता." मी तिला मीठ कमी खायला सांगितलं. आणि सुरमई आत नेली.

शिमग्याच्या आधी ती मासळी बाजारात चक्कर येऊन पडली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेली तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, सहा-सात महिने आधी आला असतात तर बरंच काही वाचलं असतं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहाटेची एस.टी., चार तास यंत्राला, संध्याकाळी परत. मासे विकणं बंद. थोरली मुलगी दहावीत होती, ती शाळा सोडून घर बघू लागली.

मला तोवर काहीच कळलं नव्हतं. मी हळहळत होते, पेज पाठवत होते, चारचौघांत म्हणत होते की ह्या बायका अंगावर काढतात, वेळेवर दाखवत नाहीत.

कळलं ते पुढच्या पावसाळ्यात. संस्थेचे लोक दुसऱ्या फेरीला आले. यादीतल्या तिच्या नावावर बोट ठेवून मुलगी म्हणाली, "ह्यांना आपण गेल्या वर्षीच कळवलं होतं, मॅडम. संदेश पोहोचल्याची नोंद आहे." नंबर माझा होता. मी घरी येऊन खणातून कार्ड काढलं. संदेशातल्या आकड्यांहून माझा क्रमांक वेगळा होता.

समितीची बैठक झाली. मी उभी राहून सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. मोठे डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "फार दुर्दैवी आहे. पण आमच्या बाजूने पद्धत पाळली गेली." चोवीस बायकांचा एकच नंबर पद्धतीत कसा बसला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नंबर लोकांनीच दिले होते. आपण लोकांच्या निर्णयाचा आदर करतो." पुढे चहा आला. त्यांच्या अहवालपुस्तिकेत आमच्या देवळातल्या गाऱ्हाण्याचा पानभर फोटो आहे, आणि त्यात मी पुढच्याच रांगेत, तोंडभर हसत.

तिला सांगायला मला महिना लागला. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी निमित्त काढायचे. शेवटी एका डायलिसिसच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. ती खाटेवर, हातात सुया, शेजारी यंत्र फिरत होतं. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. संदेश, क्रमांक, गोवा, खणातलं कार्ड. मी रडले. ती रडली नाही.

ती छताकडे बघत म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी तुमच्या पायरीर बसललंय, तेव्हा तो मेसेज तुमच्या फोनात होतो?"

"होतो गो."

"तो माझो होतो."

"व्हय."

नर्स येऊन यंत्रावरचे आकडे लिहून गेली. तिने मान माझ्याकडे वळवली. आवाजात राग नव्हता. वर्गात गणित अडलं की विचारायची, तसंच विचारलं.

"बाई, आमी चोवीस जणींनी तुमचो नंबर दिलेलो. मेसेज इलो तेव्हा एकदा तरी तुमका वाटलां नाय, ह्यो आमच्यातल्या कोणाचो असतलो?"

तीस वर्षं मी पोरांना खरं बोलायला शिकवलं होतं.

"नाय गो," मी म्हटलं. "माका वाटलां, माझोच."

ती 'हं' म्हणाली. चादर गळ्यापर्यंत ओढली आणि तोंड भिंतीकडे केलं. तिथूनच हळू म्हणाली, "डॉक्टर, गाडी, गोवा, सगळां तुमच्याकडे. मेसेजय तुमकाच येतलो."