बाहेरचं पाहिजे, आतलं नको

कुठून सुरू करू? सांगताना अजूनही कान गरम होतात. चहा घ्या आधी. हसायचं तर हसा, पण मध्येच थांबवू नका.

आसगावात मी डीजेविरुद्ध मोहीम चालवतो. चालवत होतो म्हणा. म्हाताऱ्यांची छाती धडधडते, तान्ही लेकरं दचकतात, हे घरोघरी जाऊन सांगितलं. माझ्या शब्दाखातर शेजारच्या दिनूकाकांनी राकेशच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, लग्नातला डीजे रद्द केला. राकेश तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हता.

त्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपचा आवाज बिघडला. गाणं लावलं की खरखर. गेममध्ये शत्रू मागून येऊन मारून जायचा, तरी त्याचं पाऊल ऐकू येईना. साउंड कार्ड घ्यायचं ठरलं. घरात रेंज नाही, म्हणून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, भंडाऱ्याच्या मित्राला, पंकजला, फोन लावला. तिथे ओरडूनच बोलावं लागतं.

"बाहेरचंच पाहिजे, पंकज. आतलं आपल्याले जमत नाही. जुळलं पाहिजे, ते तर आहेच. अन् साउंड असा, का छाती हादरली पाहिजे. आज ठरवलं का कार्ड सोमवारी येते. नाही पटलं तर सात दिवसांत वापस."

बाहेरचं म्हणजे वायरने बाहेरून जोडायचं, हे तुम्हाला कळलं. पाळीखाली म्हशी धुणाऱ्या दिनूकाकांना काय कळलं असेल? बाहेरचं स्थळ, दणदणीत साउंड, लग्नाचं कार्ड सोमवारी, आणि पोरगी सात दिवसांत परत.

संध्याकाळी ते दारात आले. मी मोबाईलवर कार्डं पाहत होतो. मान वर केली नाही.

"बाबू, ठरलं म्हणते?"

"ठरलंच समजा, काका."

"घरी सांगतलं?"

"घरी कायले सांगू? माझं मी पाहून घेतलं."

"नीट पाहिलं न?"

"फोटो पाहिला. बस झालं."

काका निघून गेले. त्यांच्यासमोरच मी ऑर्डर दाबली होती.

सोमवारी पार्सल घेऊन वळतो, तर अंगणात आई डोळे पुसत बसलेली, बाबा जमिनीकडे पाहत, आणि काकांसोबत राकेश.

"आमच्या लग्नात डीजे नाही, अन् हा स्वतःच्या लग्नात छाती हादरवून राहिला," राकेश म्हणाला. "आता मी पण लावतो."

सगळा घोळ लक्षात आला आणि माझं डोकंच फिरलं. मी भाषणच ठोकलं. "अर्धवट ऐकता अन् गावभर करता. माणसानं आधी नीट चौकशी करावी, मग बोलावं. हे पाहा, हे आहे माझं कार्ड."

पार्सल फोडलं. आत एक उघडी हिरवी पट्टी. मोठ्या कॉम्प्युटरचं झाकण काढून आत बसवतात, ती. लॅपटॉपमध्ये तिला जागाच नसते.

काका वाकून पाहू लागले. "हे बाहेरचं होय, का आतलं?"

"आतलं."

"म्हणजे जुळलं नाही."

राकेश पोट धरून खाली बसला. काका मात्र हसले नाहीत. "आम्ही शब्द मोडत नाही, बाबू. डीजे नाही लागणार. पण दुसऱ्याले शिकवतानी फोटोच्या पुढंही पाहत जा."

राकेशच्या लग्नात खरंच डीजे नव्हता. पंगतीत भात वाढता वाढता एक अनोळखी मावशी माझ्यासमोर थांबल्या. "तूच न रे तो? तुझं जुळलं नाही म्हणते."

समजावायला तोंड उघडलं. समोरच दिनूकाका जेवत होते. तोंड मिटलं.

"हो मावशी. वापस केलं."

"अरेरे. तिची काय चूक होती?"

"काहीच नाही," मी पत्रावळीत पाहत म्हटलं. "ती चांगलीच होती. माझ्याकडंच जागा नव्हती."