गुळव्याच्या घरची साखर

लिबोरियो तिपानच्या घरात पांढरी साखर कधी शिरली नव्हती. हे मी छातीठोक सांगते, कारण गावात दुकान एकच, ते माझं. सदतीस वर्षांत त्याच्या घरच्या कुणी चमचाभर साखर नेली नाही. त्याची बायको रोसाउरा माझ्याकडून मीठ, तांदूळ, काड्यापेट्या, मेणबत्त्या सगळं न्यायची, पण साखरेच्या पोत्याजवळून जाताना नाक मुरडायची. नवऱ्याने लावलेली सवय, दुसरं काय!

लिबोरियो गुळव्या. बाप गुळव्या, आजाही गुळव्या. आमच्या डोंगरउतारावर ऊस, ढग आणि गुऱ्हाळं याखेरीज फारसं काही नाही. काहिलीत रस उकळत असतो, तेव्हा हा वाफेत तोंड घालून बुडबुडे बघतो. पाण्यात एक थेंब टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळते का बघतो, आणि म्हणतो, "उतरवा." तो म्हणाला की काहील उतरवायची. एक मिनिट आधी नाही, एक मिनिट नंतर नाही. त्याची ढेप लोक डोळे मिटून वासावरून ओळखतात. हे मी कौतुकाने सांगत नाही, आहे ते सांगते. माणूस म्हणाल तर हेकट, एक नंबरचा. माझ्या थोरल्याला बाप्तिस्म्याला त्यानेच हातावर धरलं होतं, म्हणून तो माझा कोंपाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. त्या नात्यामुळे तोंडावर अहो-जाहो करावं लागतं. इथे सांगताना मात्र मी अरे-तुरेच करणार.

हमिंगबर्ड, म्हणजे आमचे किंदे, त्याच्या अंगणात पूर्वीपासून यायचे. रोसाउराने कुंपणाला जास्वंद लावली आहे आणि न्हाणीकडे निळ्या तुऱ्यांची झुडपं. तिथे त्यांचा दिवसभर दंगा. लिबोरियोचं कधी लक्ष गेलं नाही. गुऱ्हाळावरच्या माणसाला मान वर करायला फुरसत कुठे? ती मिळाली गुडघे गेल्यावर. आता आठवड्यातून दोन दिवस चुलवाण पेटतं, तेव्हा तो तिथे खुर्ची टाकून बसतो. उरलेले पाच दिवस ओसरीवर. आणि ओसरीवर बसलेल्या माणसाला काहीतरी उद्योग लागतो, नाहीतर तो बायकोच्या स्वयंपाकात चुका काढतो. सूपात कोथिंबीर जास्त, केळी नीट भाजली नाहीत, कॉफी पातळ. रोसाउराच्या जिवाला नुसता ताप झाला. शेवटी राजधानीत राहणाऱ्या मुलीने आपला जुना कॅमेरा आणून बापाच्या हातात दिला. "घ्या, पाखरांचे फोटो काढा. आईला सोडा."

पहिल्या महिन्यातले फोटो मी पाहिले आहेत. जास्वंद. जास्वंद. रोसाउराची पाठ. रिकामी हवा.

मग तो वरच्या गावाला गेला आणि बघून आला की तिथे लोक अंगणात लाल तळाच्या बाटल्या टांगतात, त्यात साखरेचं पाणी भरतात आणि किंदे तिथे हमखास येतात. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून चार बाटल्या घेतल्या. मी आपली सवयीने म्हणाले, "साखर किती बांधू?"

"साखर तुमच्यापाशीच राहू द्या, कोमाद्रे. उसातला जीव काढून घेतला की उरतं ते हे. माझ्या दारी आलेल्या पाहुण्याला मी हे वाढू?"

त्याने बाटल्यांत काकवी भरली. निवडक, स्वतःसाठी ठेवलेली, कोमट पाण्यात सैल केलेली. आणि किंदे आले की! झुंबड उडाली. तो माझ्या दुकानात येऊन सांगायचा, "तिकडे वरती साखरेवर आठ-दहा येतात. माझ्याकडे मोजता येत नाहीत." जसं काही पाखरांनी त्याला मत दिलं होतं.

मी त्याला एकदा सांगितलं होतं. येसेनिया नावाची वरच्या गावातली मुलगी आहे, परदेशी पाहुण्यांना पक्षी दाखवत हिंडते, चांगली शिकलेली आहे. तिच्या तोंडून मी ऐकलं होतं की किंद्यांना गूळ देऊ नये, फक्त पांढरी साखर, एका भागाला चार भाग पाणी. मी ते जसंच्या तसं त्याच्या कानावर घातलं.

"येसेनिया? कालपर्यंत माझ्या गुऱ्हाळावर ऊस चोखत बसायची ती? आता ती मला गूळ शिकवणार! आणि तुम्ही काय, तुम्ही साखर विकता. तुम्ही दुसरं काय सांगणार?"

मी खरंच साखर विकते. आणि खोटं कशाला सांगू, मीही ते फारसं मनावर घेतलं नाही. आमची सगळ्यांची हाडं गुळावर वाढलेली. पोराला दात येताना गूळ चाटवायचा, बाळंतिणीला गुळाचं पाणी, म्हाताऱ्याला खोकला झाला की आलं आणि गूळ. जे तान्ह्या पोराला चालतं ते पाखराला बाधेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यात येणार?

त्या झुंबडीत एक होता पायमोजेवाला. अंगठ्याएवढा जीव. पायांना पांढऱ्या कापसाचे मोजे घातल्यासारखी पिसं, शेपटीला दोन लांब काड्या आणि काड्यांच्या टोकाला एकेक काळी-निळी टिकली. तसे त्या जातीचे बरेच असतात, पण याची डावी टिकली अर्धी तुटलेली होती, म्हणून तो ओळखू यायचा. लिबोरियोचा जीव जडला त्याच्यावर. रोज दहाच्या सुमारास यायचा, आधी जास्वंदीवर, मग तिसऱ्या बाटलीवर. "माझ्यासारखाच आहे," लिबोरियो म्हणायचा, "वेळेचा पक्का." रोसाउरा म्हणायची, "तुमच्यासारखा असता तर बसून राहिला असता."

त्याच सुमारास गुळवाल्यांच्या मंडळात एक गोष्ट ठरली. या वर्षी जत्रेत गूळ नुसता केळीच्या सोपटात बांधून न्यायचा नाही, पाकिटात न्यायचा. पाकिटावर करणाऱ्याचं नाव आणि ज्याला जे हवं ते चित्र. आता हे बाहेरच्याला किरकोळ वाटेल. पण लिबोरियो सत्तरीचा झाला, आयुष्यभर गूळ केला, आणि त्या गुळावर त्याचं नाव एकदाही आलं नव्हतं. बापाचं आलं नाही, आजाचं आलं नाही. मंडळाच्या बैठकीतून तो सरळ माझ्याकडे आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "वर पायमोजेवाल्याचा फोटो. खाली 'तिपान यांचा गूळ'. आणि त्याखाली, 'किंद्यांनाही हाच लागतो.' कसं वाटतं?" डोळे लहान पोरासारखे चमकत होते. मला बरं वाटलं त्याच्यासाठी. हेकट असला तरी आपला माणूस.

मग तो हात धुऊन त्या फोटोच्या मागे लागला. बाटलीजवळ स्टूल, स्टुलावर कॅमेरा, मागे हा, मांडीवर शाल. त्याच्या ध्यानात आलं होतं की किंदा बाटलीला चोच लावण्याआधी हवेत क्षणभर थांबतो. तेवढाच क्षण पकडायचा. ज्याने जन्मभर रसाचा एक क्षण पकडला, त्याला ते जमणार नाही तर कुणाला? तरी सात आठवडे गेले. आणि एका बुधवारी जमलं. पंखांची नुसती धूसर झालर, पांढरे मोजे, शेपटीच्या दोन काड्या, तुटकी टिकली, सगळं लख्ख. आणि चोचीच्या टोकातून बाहेर आलेली जीभ.

त्याने शहरातून तो फोटो हातभर मोठा करून आणवला आणि जत्रेपर्यंत माझ्या दुकानात लावायला दिला. मी तो वजनकाट्याच्या वर टांगला. येणारा-जाणारा बघायचा आणि हसायचा. ट्रकवाला वॉशिंग्टन म्हणाला, "बघा, लिबोरियोचा गूळ इतका गोड की हा आपल्याला जीभ दाखवून चिडवतोय!" आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसले. बायका पोरांना घेऊन यायच्या आणि पोरं त्याला जीभ दाखवायची.

चौथ्या दिवशी येसेनिया अंडी घ्यायला आली. फोटो बघितला आणि हातातली टोपली खाली ठेवली.

"मावशी, हा कुणी काढला?"

"लिबोरियोने. चिडवतोय बघ कसा."

"चिडवत नाही मावशी. हा आजारी आहे. गुळाचं पाणी लवकर आंबतं, त्यात बुरशी धरते. मग यांची जीभ सुजते आणि चोचीत मावत नाही. जीभ मावली नाही की पिता येत नाही."

"आणि पिता आलं नाही की?"

एवढ्याशा जिवाला दिवसभर पीत राहावं लागतं, हे मलाही ठाऊक होतं. चार दिवस मी त्या फोटोखाली उभी राहून हसत होते. मला माझीच शिसारी आली. दुकानाला कडी घातली आणि तिला घेऊन खाली लिबोरियोकडे गेले.

तो ओसरीवरच होता. येसेनियाने सांगितलं तसा भडकला. "पोरी, या गुळावर तुझा बाप वाढला! तू वाढलीस! चार पुस्तकं वाचलीस म्हणून आता माझा गूळ विषारी झाला?"

"माणसांना काही होत नाही, काका. मी पाखरांचं बोलतेय."

"पाखरं येतात की! बघ, किती आहेत!"

येसेनियाने वाद घातला नाही. तिने एवढंच विचारलं, "पायमोजेवाला शेवटचा कधी आला?"

रोसाउरा दारातून हळूच म्हणाली, "त्या बुधवारनंतर नाही आला. रोज वाट बघतात."

"बाकीचे फोटो दाखवाल?"

त्याने कॅमेरा मांडीवर घेतला आणि चष्मा वर-खाली करत एकेक फोटो मोठा करून बघू लागला. तिने बोटही दाखवलं नाही. पाचव्या फोटोवर तो थांबला. हिरव्या छातीचा एक किंदा, बाटलीपासून वीतभर लांब, आणि जीभ बाहेर. पुढे गेला. अकराव्यावर पुन्हा थांबला, मग चौदाव्यावर. रसातला एक करडा बुडबुडा ज्याला दहा पावलांवरून दिसतो, त्याला हे सात आठवडे दिसलं नव्हतं. आम्ही तिघी उभ्या होतो. बाटल्यांवर किंदे भांडत होते.

त्याने कॅमेरा बंद केला आणि म्हणाला, "उतरवा."

रोसाउराला आधी कळलंच नाही. तो पुन्हा म्हणाला, "बाटल्या. उतरवा." त्याचा आवाज गुऱ्हाळावर असतो तसाच होता. फक्त तो आमच्याकडे बघत नव्हता.

येसेनियाने सगळं समजावलं. बाटल्या गरम पाण्याने घासायच्या, एक दिवसाआड पाणी बदलायचं, साखर पांढरी. परत जाताना मी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "कोंपाद्रे, साखर मी मागच्या दाराने रोसाउराच्या हाती देते. तांदळाच्या पिशवीत बांधून. कुणाला कळायचं नाही."

रविवारी प्रार्थना सुटली आणि अख्खा गाव दुकानात आला, दर रविवारी येतो तसा. कोण पाव घेतोय, कोण उभ्या उभ्या भानगडी सांगतोय. काठी टेकत लिबोरियो आत आला. वॉशिंग्टनने ताबडतोब जागा करून दिली, "या, या गुळसम्राट!"

"दोन किलो पांढरी साखर," लिबोरियो म्हणाला.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मी तांदळाच्या पिशवीसाठी खाली वाकले तर म्हणाला, "झाकू नका, कोमाद्रे. अशीच द्या." वॉशिंग्टनच्या जिभेला हाड नाही, तो बोललाच, "काय हो, गुळव्याच्या घरी साखर? सूर्य कुठे उगवला आज?" लिबोरियोने त्याच्याकडे मान वळवली. "माझ्या गुळाने पाखरं मेली रे," तो म्हणाला. "मला लोकांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." मग त्याने काट्यावरचा फोटो काढून मागितला. एका हातात काठी, काखेत फोटो, दुसऱ्या हातात साखरेची पारदर्शक पिशवी, असा तो चौकातून घरी गेला. वॉशिंग्टन त्याच्यामागून फोटो धरायला धावला, पण त्याने धरू दिला नाही.

जत्रेत त्याच्या पाकिटावर उसाचं चित्र होतं आणि खाली नाव. बाकी काही नाही. गूळ नेहमीसारखाच संपला.

याला आता दोन वर्षं होतील. रोज सकाळी तो पेल्याने मोजून साखर विरघळवतो, एकाला चार, आणि स्वतःच्या कॉफीत गूळ घालतो. किंदे येतात. पायमोजेवालेही येतात. रोसाउराने एकदा म्हणून पाहिलं, "अहो, तोच आहे बघा." तो म्हणाला, "नाही. याच्या दोन्ही टिकल्या शाबूत आहेत."

फोटो त्याने गुऱ्हाळात लावला आहे, काहिलीसमोर, खुर्चीतून सरळ दिसेल असा. परवा मी ढेपा आणायला गेले तेव्हा शहराकडची एक बाई तिथे गूळ घेत होती. फोटो बघून खुदकन हसली. "किती गोड! जीभ का दाखवतोय हो तो?"

"माझा गूळ पिऊन सुजली होती त्याची जीभ," लिबोरियो म्हणाला. "आत घेता येत नव्हती."

बाईने हातातल्या पाकिटाकडे पाहिलं आणि ते जागेवर ठेवून दिलं. ती गेल्यावर मी त्याच्यावर तडकलेच. "डोकं फिरलंय का तुमचं? गिऱ्हाइकासमोर कुणी असं सांगतं? माणसांना काय होतंय या गुळाने?"

"माणसांना काही होत नाही," तो म्हणाला. त्याची नजर रसावर होती. "पण तोही माझ्याकडेच आला होता, कोमाद्रे."