काकीचं नटणं

काकी लग्न होऊन आमच्या घरी आली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तिनं घरी धरलेलं काजळ डोळ्यांत घातलं, आणि त्याच दिवशी काकांनी तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. निजामाचं राज्य होतं. आमचं गाव पिंगळीच्या ठेसनापासून पायवाटेनं तासाभरावर. दादा, म्हणजे माझे वडील, आणि काका मिळून शेती करायचे. घरात माय, काकी आणि मी.

काका शेतातून अवेळी आले होते. काकी ओसरीत आरशाचा तुकडा गुडघ्यावर ठेवून बसली होती. त्यांनी विचारलं, "कुणासाठी नटायलीस?"

काकी म्हणाली, "माझ्यासाठी."

ती "तुमच्यासाठी" म्हणाली असती तर कदाचित निभावलं असतं. काकांनी तिच्या आंबाड्याला धरून तिला ओढत दारापर्यंत नेलं. लाकडावर कपाळ आपटल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला. मायनं माझं तोंड स्वतःच्या पदरात दाबलं. काका निघून गेल्यावर मायनं जखमेत हळद भरली. काकी रडली नाही. काजळ मात्र गालावर ओघळलं होतं, ते तिनं बोटानं निपटून परत डबीत घातलं. "आक्का," ती मायला म्हणाली, "एरंडेल महाग झालंय. वाया कशाला घालू?"

काकी पालमकडची. माहेराहून तिनं एक पत्र्याची पेटी आणली होती. तिच्यात सुया, रंगीत दोऱ्याच्या लडी, चिमणीच्या डोळ्याएवढी आरशाची भिंगं आणि एक मोठी लोखंडी कैची होती. गडीमाणसं शेतात गेली की ती पेटी उघडायची, आणि दुपार आमची व्हायची. तिनं मला काजळ धरायला शिकवलं. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची वाटी उपडी घालायची, वाटीला धरलेली काजळी मोरपिसानं झाडून लोण्यात खलायची. कुंकूही ती घरीच करायची. हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरवून वाळवायची, मग उखळात कुटायची. पिवळं हळकुंड मुसळाखाली लाल लाल होत जायचं, ते बघताना मला भूक लागल्याचं भान राहत नसे. माय पहिल्यांदा दुरूनच बघायची. मग कांडायला आली. मग एक दिवस तिनं स्वतःहून काकीपुढं चोळीचा खण टाकला आणि म्हणाली, "बाह्यांवर कायतरी काढ की."

शेजारच्या पिंजाऱ्याची बायको कुंपणावरची मेंदी तोडून आणायची. तिच्या जिभेवर दखनी आणि मराठी एकत्रच नांदायची. पाट्यावर मेंदी वाटताना ती सासूची नक्कल करायची आणि आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो. हसू रस्त्यावर ऐकू गेलं तर काय होईल, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा तिघींनी मिळून माझे दोन्ही तळहात रंगवले. मी हात पसरून बसले होते. मेंदी अजून ओली होती, आणि काका आले. त्या दिवशी तालुक्याच्या गावी त्यांना कुणीतरी भर बाजारात अपमान करून हाकललं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. पिंजारीण मागच्या दारानं निघून गेली. काकांनी माझं मनगट पकडलं, मला मोरीपाशी नेलं आणि विटेच्या तुकड्यानं माझा तळहात घासायला सुरुवात केली. मेंदी गेली, मग कातडी निघाली. मी ओरडत होते. माय "भावजी, भावजी" म्हणत नुसती उभी होती. काकी मध्ये घुसली. तिनं विटेवर हात ठेवला, तेव्हा काकांनी तिची करंगळी धरून मागं मुरगळली. ओली काटकी मोडावी तसं झालं. मग त्यांनी पेटी चुलीत उपडी केली. लडी जळाल्या, मायची अर्धी भरलेली चोळी जळाली. भिंगं निखाऱ्यात तडतड फुटली. कैची तेवढी राखेतून परत मिळाली.

जेवताना दादा काकांना म्हणाले, "पोरीला पुन्हा हात लावू नको." काकीबद्दल ते काही बोलले नाहीत. काकी कापड गुंडाळलेल्या हातानं भाकरी वाढत होती.

करंगळी वाकडीच राहिली. सुई धरायला करंगळी लागत नाही, असं ती म्हणायची, पण लागत असावी, कारण पुढं तिचे टाके जरा तिरपे पडू लागले. तिनं वाकळ शिवायला घेतली. वाकळीला काका काही म्हणत नसत. थंडीत ती त्यांनाच लागायची. जुन्या लुगड्यांचे थरावर थर देऊन आम्ही तिघी तीन बाजूंनी बसायचो आणि कडेकडून आत धावदोरा घालत यायचो. काकी मधेच लाल चिंधीचा पोपट लावायची. बाहेर तोवर दिवस बिघडले होते. हत्यारबंद टोळ्या गावंच्या गावं लुटत फिरत होत्या. कुठल्या गावात कडबा पेटला, कुठं माणसं विहिरीत टाकली, कुठल्या पोरी परत आल्या नाहीत, हे ऐकत ऐकत आम्ही टाके घालत होतो.

टोळी आमच्या गावात आली ती दुपारी. पिंजारीण धावत आली. "आगए वो लोगां," ती दारातूनच म्हणाली, "ओढ्यापाशी हायेत. पोरीला लपवा." आणि आपली लेकरं गोळा करायला पळाली. काका परसात होते. ते कडब्याच्या गंजीत शिरले. दादा कुऱ्हाड घेऊन दारात उभे राहिले.

लपायला जागा नव्हती. काकीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "खाली बस. तोंड वर कर." मायला तिनं ज्वारीचं पीठ आणायला लावलं. टिकल्या चिकटवायला आणलेला बाभळीचा डिंक भिजलेलाच होता. त्यात पीठ आणि हळद कालवून तिनं माझ्या गालावर, कपाळावर, मानेवर थेंब थेंब ठेवले. थेंबांभोवती बोटानं कुंकू ओढलं, डोळ्यांखाली काजळी चोळली. जीभ दाताखाली धरून ती काम करत होती, अगदी चोळीवर वेल काढताना धरायची तशी. मग मायचं तोंड तसंच केलं. मी मायकडं बघितलं आणि मला ओरडावंसं वाटलं. तिला देवी आल्या होत्या, खऱ्याखुऱ्या. काकीनं दाराला कडुलिंबाचे डहाळे खोचले, आम्हाला वाकळीखाली निजवलं, स्वतःचे केस सोडले आणि उशाशी बसली.

दादांना त्यांनी दारातच पाडलं. बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला तो आवाज आणि मग दादांचं गुरगुरणं ऐकू आलं. आत तिघं आले. दोघांनी कणग्या फोडल्या, ज्वारी जमिनीवर सांडली. तिसरा आमच्याकडं आला. मी ते लोक कोण, कुठले, काही सांगू शकत नाही. मला त्याचा भाला दिसत होता.

काकी म्हणाली, "देवी आल्यात, बाबा. एक पोर काल गेली."

त्यानं भाल्याच्या टोकानं वाकळ माझ्या अंगावरून बाजूला सारली. डिंक वाळून कातडी ओढत होता. त्यानं टोक माझ्या गालावरच्या एका फोडावर टेकवलं आणि दाबलं. रक्त आलं आणि मानेवरून खाली गेलं. मी हलले नाही. भीतीनं मी हलूच शकत नव्हते, त्यात शौर्य काही नव्हतं. तो झटकन मागं सरला, भाल्याचं टोक त्यानं ज्वारीच्या ढिगात पुसलं. जाताना त्याचा राग काकीवर निघाला. भाल्याचा दांडा त्यानं तिच्या खांद्यावर दोनदा घातला, आणि ती माझ्या अंगावर कोसळली.

ते मागच्या दारानं परसात गेले आणि त्यांनी गंजी पेटवली.

काका आत होते हे त्यांना माहीत नव्हतं. वाळका कडबा एकदम भडकला. मग गंजीतून एक जळता माणूस बाहेर पडला आणि परसभर धावू लागला. बाहेरचे लोक हसले. मला अजून ते हसू ऐकू येतं. काकी उठली, वाकळ ओढली आणि त्यांच्या मधून धावली. तिनं काकांना पाय घालून पाडलं, वाकळ त्यांच्यावर टाकली आणि स्वतः वर आडवी झाली. एकानं तिच्या पाठीत लाठी घातली. ती हलली नाही. धूर वाकळीच्या कडांतून निघत होता. मग त्यांना पुढच्या घरातून कुणीतरी हाक मारली आणि ते गेले.

त्या दिवशी गावात तीन माणसं मेली. पिंजाऱ्यालाही त्यांनी मारून अर्धमेला केला होता, बायकोनं खबर दिली म्हणून. दादांचे पुढचे दात गेले. काकांची पाठ आणि उजवा हात भाजला होता. काकी चुन्याची निवळी आणि तेल फेटून रोज लावायची. कातडी सोलायची तेव्हा काका शिव्या द्यायचे. ती ऐकून घ्यायची आणि लावत राहायची. माझ्या गालावरची भाल्याची जखमही तिनंच बरी केली.

त्याच वर्षी निजामाचं राज्य गेलं. लोक पुन्हा बाजाराला जाऊ लागले. काकीनं एरंडेल आणलं. एक दिवस दुपारी ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या कापत बसली होती, डोळ्यांत ताजं काजळ होतं. काका आता हिंडूफिरू लागले होते. उजवा हात आखडला होता, म्हणून त्यांनी डाव्या हातानं तिच्या कानशिलात मारली. "पुन्हा सुरू झालं का तुझं?" ते म्हणाले, आणि दुसऱ्यांदा हात उगारला.

काकीनं बसल्या जागेवरून कैची वर केली आणि त्यांच्या दंडात खुपसली. बाहेर काढली तेव्हा रक्त तिच्या चिंध्यांवर उडालं. काका खाली बसले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"म्या तुमाला निजल्यावर बी बघते," काकी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "रोज मीच मलम लावते. ध्यानात ठेवा." मग तिनं कैची धुतली, पुसली आणि त्याच हातानं त्यांचा दंड बांधला.

गावात बोभाटा झाला. दादांनी तिला माहेरी धाडायचं ठरवलं, बैलगाडी जुंपायला सांगितली. माय चुलीपाशी होती. ती काठवटीतून हात न काढता म्हणाली, "ती गेली तर म्या बी जाते. मग तुमी दोघं भाऊ भाकरी थापा." मायला दादांपुढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. जुंपलेले बैल पुन्हा सोडले. काकांनी त्यानंतर हात उगारला नाही. ते सुधारले असं मी म्हणणार नाही. ते भ्यायले होते, आणि घराला तेवढं पुरलं.

माझ्या लग्नाच्या आधी काकी आणि पिंजारीण माझ्या हातांना मेंदी लावत होत्या. आम्ही मुद्दाम ओसरीत, सगळ्यांना दिसेल असं बसलो होतो. मी काकीला विचारलं, "तू त्यांना वाचवलंस कशाला?"

ती वाकड्या करंगळीनं माझ्या तळहातावरचा ओघळ पुसत होती. "आग लागली व्हती गं. आगीवर वाकळ टाकायची, एवढं ठावं. तिथं आपला बैल असता तरी टाकलीच असती." ओघळ पुसून झाल्यावर ती म्हणाली, "बैलासाठी जरा घाई केली असती."

पिंजारीण आधी हसली, मग माय. माय इतकी मोठ्यानं हसली की तिला ठसका लागला. अंगणात बसलेल्या काकांनी काय झालं म्हणून विचारलं. काकीनं माझा दुसरा तळहात पुढं ओढला आणि मेंदीत बोट बुडवलं.