ताप, साहेब आणि सुमनबाईंचा डबा

आमच्या कामात दर महिन्याला अहवाल जातो. किती गावं फिरलो, किती ताप सापडले, रक्ताच्या किती काचपट्ट्या तपासल्या, सगळं रकान्यांत बसवून पाठवायचं. पण जे रकान्यांत बसत नाही त्याचं काय करायचं? ते आम्ही जीपमध्ये एकमेकांना सांगतो. गेल्या दीड वर्षात असं इतकं साठलंय की डॉक्टरसाहेब परवा म्हणाले, "याचाही एक वार्षिक अहवाल काढायला हवा!"

म्हटलं, मीच काढते.

आम्ही चौघं गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत मलेरियाचं काम करतो. डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, हुशार, लॅपटॉप उघडल्याशिवाय जेवायलाही बसत नाहीत. नामदेवभाऊ ड्रायव्हर, मूळचे भद्रावतीचे. सुमनबाई नदीपलीकडच्या एका गावातल्या आशाताई. आणि मी लॅबवाली, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारी.

जगातले बरेच देश मिळून साथीच्या रोगांसाठी एक निधी जमवतात. त्यातून आमच्या तपासणीच्या किट आणि गोळ्या येतात, आणि त्यांनीच सुमनबाईंचा डबा भरतो. मध्यंतरी कळलं, काही देशांनी हात आखडता घेतलाय. लगेच आमच्या संस्थेच्या वरच्या कार्यालयातून हुकूम आला: लोकप्रतिनिधींना भेटा, आपल्या देशानं या निधीतला वाटा वाढवावा असं त्यांनी दिल्लीत सांगावं, यासाठी त्यांचं मन वळवा.

आता मन वळवायचं ट्रेनिंग आम्हाला कुणी दिलं होतं? आमचं ट्रेनिंग बोट टोचायचं!

*

पहिले भेटले ते एक आमदार. डॉक्टरसाहेबांनी दोन रात्री जागून चाळीस स्लाइड्स केल्या होत्या. पहिल्याच स्लाइडवर डास. पांढऱ्या भिंतीवर तो म्हशीएवढा दिसत होता. आमदारसाहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"हा आपल्या मतदारसंघातला हाय का?"

डॉक्टरसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "साहेब, डासांना मतदारसंघ नसतो."

"मंग मतदान बी नसन," असं म्हणून साहेब उठले. उरलेल्या एकोणचाळीस स्लाइड्स आम्ही आणि त्यांच्या शिपायानं बघितल्या. शिपायाला फार आवडल्या. त्यानं चहाही दोनदा दिला.

*

दुसऱ्या एका साहेबांच्या कार्यालयात पीए भेटला. साहेबांची भेट हवी असेल तर आधी छापील अर्ज भरायचा, म्हणाला. अर्जात रकाने होते: गाव, तालुका, बूथ क्रमांक, कामाचं स्वरूप. नामदेवभाऊंचं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज त्यांच्याकडे दिला. त्यांनी गाव: सगळे, तालुका: सगळे, असं लिहिलं आणि बूथ क्रमांकापाशी पेन दातात धरून बसले.

पीएनं अर्ज वाचला. "हे सगळ्या जगाचं काम दिसते. आफ्रिकेतला ताप आमच्या साहेबानं काऊन थांबवायचा जी?"

डॉक्टरसाहेबांनी लॅपटॉपला हात घातला, पण नामदेवभाऊ आधीच सुरू झाले होते. "असं पाहा भाऊ. आमच्या इकडचा पोरगा मिरची तोडाले तेलंगणात जाते. ताप संग घेऊन जाते. तिकडून कोणी इकडे खाणीत कामाले येते, तो त्याचा ताप घेऊन येते. परदेशात कामाले गेलेला इमानानं येते, त्याचा ताप बी इमानानं येते, तिकीट न काढता! आता सांगा, ह्या तापाचा बूथ कोणता लिहू?"

पीएनं थोडा विचार केला. मग अर्ज ओढून घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'बूथ क्रमांक: फिरता.'

भेट काही मिळाली नाही. पण त्या अर्जाची झेरॉक्स आमच्या लॅबच्या भिंतीवर अजून चिकटवलेली आहे.

*

चिमूरकडे एका कार्यक्रमात एक माजी मंत्री आले होते. आम्हीही मांडवाच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसलो होतो, येणाऱ्या-जाणाऱ्याची तापाची तपासणी करत. साहेबांचं भाषण चढत गेलं. आवाज फाटला, मूठ हवेत गेली. "या मातीसाठी, या जनतेसाठी मी माझ्या रक्ताचा शेवटचा थेंबसुद्धा द्यायला तयार आहे!"

टाळ्या. साहेब मंचावरून उतरून आमच्या टेबलापाशी आले, फोटोसाठी. सुमनबाईंनी त्यांचा हात धरला आणि सुई काढली.

"शेवटचा नको साहेब. पयला द्या."

साहेबांनी हात असा झटकन मागं घेतला की काचपट्ट्यांचा ट्रेच खाली आला. "आज एकादशी आहे हो," म्हणाले. नामदेवभाऊंनी खिशातलं छोटं कॅलेंडर काढून पाहिलं, पण तोवर गाडीचं दार लागलं होतं.

*

मग आमचं नशीब उघडलं. आमदारांच्या एका समितीचे काही सदस्य गाव बघायला येणार होते. मी गावात निरोप पाठवला, "साहेब लोक मच्छरदाणीचा वापर पाहायला येणार आहेत, नीट तयारी ठेवा." एवढाच निरोप. चूक माझीच.

दुपारी बाराला गाड्या गावात शिरल्या. रस्त्यावर माणूस नाही. हार नाही, ओवाळायला बायका नाहीत, कुत्रं तेवढं होतं. डॉक्टरसाहेबांचा चेहरा पडला. मग एका अंगणात डोकावलो तर बाजेवर मच्छरदाणी, आत घरमालक. दुसऱ्या अंगणात मच्छरदाणी, आत सासू, सून आणि दोन लेकरं. अख्खं गाव भर उन्हात मच्छरदाणीत, घामानं निथळत, हात छातीवर ठेवून, डोळे मिटून!

एक सदस्य घाबरून माझ्या कानाशी आले. "एवढी साथ आहे का इथं?"

तेवढ्यात शेजारच्या मच्छरदाणीतून सरपंचांचा आवाज आला. "नाई जी, सगळे चांगले हाओत. वापर चालू हाय!"

आणि जाळीची कड जराशी उचलून, आतूनच, त्यांनी निवेदनाचा कागद बाहेर सरकवला. स्वागताचा नारळसुद्धा तसाच आला.

*

या सगळ्यानंतर डॉक्टरसाहेबांनी लॅपटॉप बंद केला. एका ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये त्यांना सांगितलं होतं की साहेब लोकांना आकडे नको असतात, माणसाची गोष्ट हवी असते, आणि तीही दोन मिनिटांत. म्हणून त्यांनी सुमनबाईंना समोर बसवलं, मोबाइलवर वेळ लावली आणि म्हणाले, "बोला."

सुमनबाई बोलल्या. "पावसाळ्यात नदी चढते. मंग डॉक्टर तिकडे राहते अन् ताप इकडे राहते. चार महिने मी अन् हा डबा. डबा रिकामा आला तं मी एकलीच."

डॉक्टरसाहेबांनी घड्याळ बघितलं. "छान. पण अजून दीड मिनिट शिल्लक आहे."

"त्यात साहेबाइले बोलू द्या ना," सुमनबाई म्हणाल्या.

आम्ही हसलो. खरी गोष्ट त्यांनी सांगितलीच नव्हती. त्यांच्या गावात हा किटचा आणि गोळ्यांचा डबा यायच्या आधी, अशाच एका पावसाळ्यात त्यांच्या दिराचा मुलगा तापानं फणफणला. नदी उतरायची वाट बघत दोन दिवसांत तो गेला. पाच वर्षांचा होता. मला हे त्यांच्या जाऊबाईंनी सांगितलं. सुमनबाई कधीच सांगत नाहीत, आणि कुणा साहेबापुढे सांगा असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. येत्या पावसाळ्याचा डबा भरून येणार की नाही, हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

*

आणि हा शेवटचा किस्सा, ब्रह्मपुरीचा.

एक खासदार. आपल्या भागातले नव्हेत, दूरचे, पण सासुरवाडी ब्रह्मपुरीची. दिल्लीत आरोग्याचे विषय हाताळणारे, म्हणजे आम्हाला हवे तेच. ते सासरी आलेत असं कळलं आणि आम्ही चौघं जीप काढून निघालो. सुमनबाईंची लेक तिथंच कॉलेजात शिकते, म्हणून त्याही खुशीत होत्या.

गेलो तर दारातच सासूबाई. "जावईबापू कोणाले भेटत नाई. अंगात थंडी भरून राह्यली, तीन गोधड्या घातल्या तरी हुडहुडी जाईना."

सुमनबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. चपला काढल्या आणि सरळ आत. विचारलं तर कळलं, पंधरवड्यापूर्वी साहेब मेव्हण्यांबरोबर जंगलात तंबू ठोकून राहून आले होते. सुमनबाईंनी बोट टोचलं, किटवर थेंब टाकला. पंधरा मिनिटं सगळं घर त्या एवढ्याशा पट्टीकडे बघत बसलं. मलेरिया निघाला. डॉक्टरसाहेबांनी तपासून तीन दिवसांच्या गोळ्या ठरवल्या, सुमनबाईंनी त्या डब्यातून काढल्या.

आता आमचा एक नियम आहे. गोळ्या हातात देऊन निघून यायचं नाही. लोक खिशात घालतात, ताप उतरला की विसरतात, आणि रोग तसाच आत राहतो. म्हणून गोळी समोर गिळायची आणि मग तोंड उघडून, जीभ उचलून दाखवायची.

साहेबांनी गोळ्या गिळल्या. सुमनबाई म्हणाल्या, "आ करा."

"अहो, मी काय लहान मूल आहे?"

"नाई जी. लहान लेकरू लबाडी नाई करत."

साहेबांनी आ केला. सासूबाईंनीही वाकून आत बघून घेतलं.

सुमनबाई लेकीच्या खोलीवर मुक्कामाला राहिल्या. आम्हीही राहिलो. दुसऱ्या दिवशी ताप उतरला होता, साहेब उशीला टेकून बसले होते. डॉक्टरसाहेबांनी निधीचं सगळं सांगितलं. साहेबांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं काम झालं समजा. माझा शब्द आहे."

डॉक्टरसाहेबांना भरून आलं. सुमनबाई म्हणाल्या, "आ करा."

तिसऱ्या दिवशी साहेब ठणठणीत. पांढरे कपडे घालून तयार, बाहेर गाडी सुरू, दारात कार्यकर्ते. शेवटच्या गोळ्या त्यांनी उभ्या उभ्याच घेतल्या आणि न सांगताच आ करून दाखवला. सगळे हसले. मग डॉक्टरसाहेबांनी पत्र पुढं केलं, सरकारनं निधीतला वाटा वाढवावा असं. साहेबांनी वाचलं, झोकात सही केली, घडी घालून कुर्त्याच्या खिशात ठेवलं.

"दिल्लीला गेलो की देतो."

आम्ही नमस्कार करून उठलो. सुमनबाई उठल्या नाहीत. डब्याचं झाकण उघडंच ठेवून त्या साहेबांच्या खिशाकडे बघत होत्या.

"साहेब, एक विचारू का? पयल्या दिवशी गोळी खिशात ठेवू देली असती मी, तं आज उभे राह्यले असते का तुमी?"

डॉक्टरसाहेबांनी तर डोळेच मिटून घेतले. मला वाटलं, गेलं काम.

साहेबांनी खिशातून पत्र काढलं. टेबलावर सरळ केलं, मोबाइलवर फोटो घेतला आणि दिल्लीच्या कार्यालयात फोन लावला. "पत्र पाठवलंय. आजच्या आज मंत्र्यांकडे पोचतं कर. हो, आजच. पोच आली की मला पाठव, मी थांबलोय." बाहेर ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. साहेब सोफ्यावर बसून राहिले. सासूबाईंनी पुन्हा चहा टाकला. तासाभरानं मोबाइल वाजला. साहेबांनी तो सुमनबाईंपुढं धरला, त्यांनी माझ्याकडे दिला. मंत्र्यांच्या कार्यालयाची पोच, इंग्रजीत. मी दोनदा वाचलं आणि मान हलवली.

सुमनबाईंनी डब्याचं झाकण लावलं. तरी उठल्या नाहीत, साहेबांकडे बघतच राहिल्या.

खासदारसाहेबांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा दारातल्या कार्यकर्त्यांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं जीभ उचलून आ केला.